केबलचं कवच किती राखतं?

व्हीएफडीपासून (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हपासून) मोटरपर्यंत जाणाऱ्या केबलवरची तांब्याची जाळी विद्युतचुंबकीय गोंगाट आत कोंडते. किती कोंडते, हे ‘ट्रान्सफर इम्पीडन्स’ सांगतो. जाळीतून ठरावीक करंट सोडायचा, तिच्या दुसऱ्या अंगाला दर मीटरमागे उमटलेलं व्होल्टेज मोजायचं आणि त्याला करंटने भागायचं. एकक मिलिओहम प्रति मीटर. आकडा जितका लहान तितकं कवच भक्कम. बेल लॅब्जच्या सर्गेई शेल्कुनॉफ यांनी १९३४ मध्ये हे गणित मांडलं. सलग नळीत हा आकडा वारंवारतेबरोबर घसरतो. विणलेल्या जाळीत मात्र काही मेगाहर्ट्झनंतर उलटा चढतो, कारण छिद्रांतून चुंबकीय क्षेत्र झिरपतं. तरी मोठी गळती बहुधा टोकांशीच: जाळी पिळून शेपटीसारखी जोडली, की महागडी केबलही वाया! मोटरच्या केबलची जाळी दोन्ही टोकांना, ग्लँडमध्ये (केबल पेटीत शिरते तिथल्या धातूच्या जोडणीत) चहूबाजूंनी आवळून बसवा.