धुक्यातली माथेरानची वाट

दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी, म्हणून माथेरानच्या रानातल्या लाल मातीच्या वाटा अजून निवांत आहेत. पावसाळ्यात तिथे जरूर कॅमेरा न्या! धुकं उतरलं की मागची झाडं एकेक करून फिकट होत जातात आणि फोटोला खोली येते. मात्र कॅमेरा पांढरं धुकं राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१ वर ठेवा. ओल्या पानांवरची चमक पोलरायझरने कमी होते. वाट फ्रेमच्या कोपऱ्यातून आत वळू द्या.

एडिटिंगमध्ये माझा लाडका आहे ऑर्टन इफेक्ट. कॅनडाचे छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी १९८० च्या दशकात दोन जास्त उजळ स्लाइड, एक स्पष्ट आणि एक धूसर, एकमेकींवर ठेवून हे तंत्र घडवलं. फोटोशॉपमध्ये लेयरची प्रत काढा, गॉसियन ब्लर द्या, ब्लेंड मोड 'सॉफ्ट लाइट' करा. ओपॅसिटी १५-२० टक्के पुरे. त्यापुढे पानांचा नुसता लगदा दिसतो. पुढच्या मातीवरचा ब्लर मास्कने पुसा, तिथला खरखरीतपणा हवाच. हिरव्यातला पिवळेपणा थोडा उतरवा, पण लाल मातीच्या रंगाला हात लावू नका.