ब्लेझर, स्त्रियांचा
ब्लेझर : पुढून उघडा, गुंड्यांनी बंद होणारा, कॉलर व लॅपल असलेला आणि सर्वसाधारणपणे नितंबांपर्यंत पोहोचणारा कोटाचा एक प्रकार. सूटातील कोटाप्रमाणे तो त्याच कापडाच्या विजारीशी बांधलेला नसतो. वेगळ्या रंगाच्या व पोताच्या वस्त्रांबरोबर तो वापरता येतो. केंब्रिज येथील सेंट जॉन्स महाविद्यालयाच्या ‘लेडी मार्गारेट बोट क्लब’ (स्थापना १८२५) या नौकानयन मंडळाच्या भडक लाल कोटांवरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. स्त्रियांसाठी पुरुषी शिवणीचे कोट इंग्लंडमध्ये रेडफर्न या पेढीने १८८० नंतरच्या दशकात लोकप्रिय केले. फ्रान्समध्ये ईव्ह सँ लोराँ याने १९६६ मध्ये स्त्रियांसाठी रात्रीच्या समारंभाचा पुरुषी धर्तीचा पोशाख सादर केला. १९८० नंतरच्या दशकात जाड गाद्यांचे रुंद खांदे हे नोकरदार स्त्रीच्या अधिकाराचे चिन्ह बनले.

माप व बेतणी : ब्लेझर निवडताना प्रथम खांदा पाहतात. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपावी. कंबर आत घेणे किंवा बाही आखूड करणे सोपे असते; खांदा बदलण्यासाठी मात्र बाही उसवून कोट जवळजवळ नव्याने बांधावा लागतो. छाती व कंबर यांच्या मापांत बराच फरक असल्यास छातीच्या मापाचा कोट घेऊन कंबर टक्स घालून आत घेणे श्रेयस्कर. गुंडी लावल्यावर तिच्याभोवती फुलीच्या आकाराच्या सुरकुत्या पडल्या, तर कोट तंग आहे असे समजावे. मुंढा खोल असला की कोट सैल व सुखद होईल, हा समज चुकीचा आहे. खोल मुंढ्यामुळे हात वर करताच सबंध कोट वर ओढला जातो. उलट बगलेलगतच्या मुंढ्यात हात मोकळा हलतो. बाही मनगटाच्या हाडापर्यंत असावी. कोट घालून बसणे, हात पुढे करणे व वाकणे या हालचाली करून पाहिल्याशिवाय माप निश्चित करू नये. पुढे दुरुस्ती करता यावी म्हणून शिवणीत पुरेशी माया ठेवलेली असणे इष्ट.

कापड व वापर : फ्लॅनेल, सर्ज व ट्वीड ही थंड हवेची, तर लिनन व सुती कापडे उष्ण हवेची होत. मुंबई-कोकणासारख्या दमट प्रदेशात पूर्ण अस्तराऐवजी केवळ खांदे व बाह्यांना अस्तर लावलेला हलका कोट सुसह्य ठरतो. ठेंगण्या बांध्याला आखूड कोट व उंच गुंडी, तर भरलेल्या छातीला एका रांगेच्या गुंड्या व लांब लॅपल सामान्यतः शोभतात. नव्या कोटाच्या मागील फटीवरील फुलीचे टाके व खिशांवरील कच्चे टाके वापरापूर्वी काढावेत; बसताना गुंडी सोडावी.

साडीवर ब्लेझर घालताना डाव्या खांद्यावरील पदराच्या निऱ्यांमुळे तो खांदा जाड होतो. म्हणून असा कोट साडी नेसूनच मापावा आणि खांद्याची गादी पातळ ठेवावी. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या उद्‌घाटन-संचलनासाठी भारतीय स्त्री-खेळाडूंना साडीऐवजी ब्लेझर व विजार असा गणवेश देण्यात आला.

तयार ब्लेझर ठरावीक मापांच्या कोष्टकावरून कापतात. प्रत्यक्षात एकाच छाती-मापाच्या स्त्रियांचे खांदे, पाठ व नितंब भिन्न असतात. कोट नीट बसला नाही, तर दोष बहुधा शरीराकडे लावला जातो. वस्तुतः तो कोष्टकाचा असतो. दिवसभर कामावर वावरणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. अंगाला न बसणारा कोट तिचे लक्ष सतत वस्त्र सावरण्याकडे वेधतो. नीट बसलेला कोट घातल्यानंतर विसरता येतो, हीच त्याची खरी कसोटी होय.