चराईचा वाद आणि समेटाची बैठक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात गोंड, माडिया आणि इतर शेतकरी समाजांच्या शेजारी पशुपालक समाजही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कुरमार शेळ्या-मेंढ्या पाळतात, तर गोलकर गाई-म्हशी. विदर्भात वर्षानुवर्षे फिरणारे, मूळ गुजरातचे रबारीही आहेत. त्यांना इथले लोक काठेवाडी म्हणतात. एकाच कुरणावर दोन कळप आले, की पशुपालकांत आपसांत वाद होतो. कळप उभ्या पिकात किंवा राखलेल्या जंगलात शिरला, की पशुपालक आणि गाव यांच्यात वाद होतो. हे वाद बोलून मिटवता येतात आणि कायद्यात त्यासाठी जागाही आहे. पण काही पक्के झालेले गैरसमज दोन्ही बाजूंना बैठकीपर्यंत येऊ देत नाहीत.

गैरसमज १ : हे जातीजातींचे जुने वैर आहे.

वस्तुस्थिती : वादाचे मूळ जातीत नसून हंगामात आहे. पूर्व विदर्भ हा धानाचा मुलूख आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पऱ्हे (रोपे) टाकतात, मग रोवणी होते आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी सुरू होते. कापणीनंतर बांध्या (धानाची बांध घातलेली शेते) मोकळ्या होतात, असे बाहेरून येणाऱ्या मेंढपाळाला वाटते. प्रत्यक्षात अनेक शेतकरी धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी, जवस किंवा हरभरा फेकतात. या उतेरा पिकाला वेगळी नांगरट नसते, त्यामुळे धसकटात उगवलेले कोवळे रोप लांबून गवतासारखेच दिसते. एका रात्रीत ते कळपाने खाल्ले, की भांडणाला तोंड फुटते.

पावसाळ्यातला पेच वेगळा आहे. चिखलात मेंढ्यांचे खूर सडतात, म्हणून कळपाला उंचावरची, निचऱ्याची जागा लागते आणि ती बहुधा जंगलातच असते. नेमक्या याच महिन्यांत बांबूला नवे कोंब, म्हणजे वास्ते, फुटतात. जनावरांनी वास्ते खाल्ले, तर पुढच्या वर्षांचा बांबू बुडतो आणि आज बांबू हे अनेक ग्रामसभांच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे. ती एकाच वेळी, एकाच जागी येते, म्हणून संघर्ष होतो. तारखा आणि जागा वेगळ्या करता आल्या, तर त्याचे कारणच कमी होते.

गैरसमज २ : फिरस्ता माणूस म्हणजे संशयित माणूस.

वस्तुस्थिती : या समजाला वसाहतकालीन कायद्याने बळ दिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक फिरत्या समाजांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये देशभरातून गेला, पण संशय उरला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात रबारी पशुपालकांचे ५८ उंट कत्तलीसाठी नेत असल्याच्या आरोपावरून जप्त झाले. पुढे न्यायालयाने ते पशुपालकांना परत देण्याचा आदेश दिला. ओळख नसली, की अफवा तिची जागा घेते. म्हणून कळप येण्याआधी कोण येणार, किती जण येणार आणि कुठे उतरणार, हे गावाला माहीत असणे ही शांततेची पहिली पायरी आहे.

गैरसमज ३ : भटक्या पशुपालकांना जंगलात कोणताच हक्क नाही.

वस्तुस्थिती : अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायिक आणि स्थलांतरित अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा, तसेच भटक्या आणि पशुपालक समाजांच्या पारंपरिक हंगामी वापराचा हक्क नोंदवला आहे. सामूहिक वनसंपत्तीच्या व्याख्येतही पशुपालकांच्या हंगामी वापराचे क्षेत्र येते. त्यांचे दावे पडताळताना ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशीच वेळ निवडावी, असे या कायद्याखालचा नियम १२ सांगतो. फिरतीवर असलेल्या माणसाच्या पाठीमागे त्याच्या हक्काचा निकाल लागू नये, हा त्यामागचा न्याय आहे.

हा हक्क आपोआप मात्र मिळत नाही. कुरमार आणि गोलकर महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, जंगलाशी संबंध दाखवावा लागतो. कागद नसले तरी वाट बंद होत नाही. जुन्या गॅझेटियरमधले उल्लेख, निस्ताराच्या (गावाच्या पारंपरिक वापराच्या) नोंदी, पारंपरिक चराईची कुरणे आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही पुरावे म्हणून नियम १३ मध्ये मान्य आहेत. शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्याने “यांचे आजे-पणजे इथेच उतरत” असे लिहून दिले, तर ते कामी येते. शेजाऱ्याशी संबंध चांगले असणे इथे थेट उपयोगाचे ठरते.

गैरसमज ४ : सामूहिक वनहक्क मिळाला म्हणजे गाव जंगलाचे मालक झाले; आता बाहेरच्याला बंदी.

वस्तुस्थिती : धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टरवर मिळाला. दोन्ही गावांनी जंगल राखून आणि बांबूचे उत्पन्न स्वतः हाताळून या हक्काचे चीज केले. पण हा हक्क जंगल वापरण्याचा, जपण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा आहे. तो विकता येत नाही आणि त्याने त्याच जंगलावरचा दुसऱ्या समाजाचा पारंपरिक हंगामी हक्क पुसला जात नाही. ग्रामसभेला चराईचे नियम करता येतात, काही भाग बंद ठेवता येतात आणि जनावरांच्या संख्येवर मर्यादा घालता येते. पशुपालकांनीही ते नियम पाळायचे असतात, कारण कायद्याने दिलेल्या हक्कासोबत जंगल राखण्याचे कर्तव्यही दिले आहे.

गैरसमज ५ : असे वाद फक्त पोलीस किंवा वनखाते मिटवू शकते.

वस्तुस्थिती : पिकाचे नुकसान करणारी जनावरे पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवण्याची तरतूद १८७१ पासून आहे. दंड भरून जनावरे सुटतात, पण शेतकऱ्याचे पीक परत येत नाही आणि पुढच्या वर्षी तेच भांडण पुन्हा उभे राहते. वनहक्क कायद्यात संवादाची वाट आधी सांगितली आहे. एकच जंगल एकाहून अधिक ग्रामसभा वापरत असतील किंवा त्यांचे दावे एकमेकांशी भिडत असतील, तर त्यांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापराचे स्वरूप ठरवावे आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यावेत, असे नियम १२ मध्ये म्हटले आहे. ग्रामसभांना ते जमले नाही, तरच प्रकरण उपविभागीय स्तरीय समितीकडे जाते. १९९६ च्या पेसा कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला तंटे सोडवण्याची रूढ पद्धत जपण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीमही आहे. मारहाण, जाळपोळ, खून यांसारखे गंभीर गुन्हे मात्र बैठकीत मिटवायचे नसतात. ते पोलीस आणि न्यायालयाचेच काम आहे.

गैरसमज ६ : समेटाची बैठक म्हणजे जातपंचायत.

वस्तुस्थिती : जातपंचायत एका जातीची असते आणि तिचा धाक बहिष्कारावर उभा असतो. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि कुणालाही वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. समेटाच्या बैठकीत दोन्ही समाज बरोबरीने बसतात, ठरलेले लिहून ठेवतात आणि न पटल्यास वरच्या समितीकडे जाण्याची वाट कायम असते.

निर्णयाची पद्धतही महत्त्वाची ठरते. शेकडो मतदारांच्या गावात पाच-दहा कुरमार घरे असतील, तर मतदानात ती दरवेळी हरणारच. मेंढा (लेखा) येथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचीही हरकत असेल, तर विषय पुन्हा चर्चेला येतो. थोड्यांचा आवाज राखणारी ही पद्धत चराईच्या वादात विशेष उपयोगी आहे.

गैरसमज ७ : गावच्या पुढाऱ्याने आणि कळपाच्या म्होरक्याने हात मिळवले, की काम झाले.

वस्तुस्थिती : कळपाच्या तळावर पाणी, सरपण, लहान पिल्ले आणि दूध सांभाळण्याचा मोठा भार स्त्रियांवर असतो. गावात मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि पाणवठ्यावर रोज जाणाऱ्याही बहुतांशी स्त्रियाच असतात. त्यांना वगळून ठरलेला पाणवठा किंवा वाट दुसऱ्या दिवशीच मोडते. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेत हजर सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, हा नियम म्हणूनच व्यवहाराचा आहे.

केनियाच्या वजीर भागाने हे दाखवून दिले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पशुपालक सोमाली कुळांमध्ये रक्तरंजित संघर्ष पेटला होता. १९९३ मध्ये स्त्रियांनी आधी बाजार सर्व कुळांसाठी सुरक्षित केला, मग वडीलधाऱ्यांना एकत्र बसवले. त्यातून अल-फताह जाहीरनामा आला आणि १९९५ मध्ये शांतता समिती जिल्हा प्रशासनाशी जोडली गेली. या कामातल्या देखा इब्राहिम अब्दी यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

भाषेचाही विचार करावा लागतो. या दोन जिल्ह्यांत मराठी आणि झाडीबोलीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू आणि छत्तीसगढी बोलल्या जातात. दोन्ही बाजूंना समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्याशिवाय ठराव पक्का मानू नये.

गैरसमज ८ : आरक्षणाचा प्रश्न सुटल्याशिवाय आदिवासी आणि धनगर एकत्र बसू शकत नाहीत.

वस्तुस्थिती : मेंढपाळ धनगर समाजाला महाराष्ट्रात भटक्या जमाती (क) मध्ये ३.५ टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातीत समावेशाची त्यांची मागणी जुनी आहे आणि आदिवासी संघटनांचा तिला विरोध आहे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. या प्रश्नाचा निर्णय मुंबई-दिल्लीत व्हायचा आहे. कोणत्या बांधीत लाखोळी आहे आणि कोणत्या नाल्यावर कळप पाणी पिणार, हे गावातच ठरते. चराईच्या ठरावाने कुणाचे जातप्रमाणपत्र बदलत नाही, कुणाचे आरक्षण कमी होत नाही.

गैरसमज ९ : एकदा बैठक झाली, की वाद कायमचा मिटला.

वस्तुस्थिती : पाऊस दरवर्षी वेगळा, पीक वेगळे, कळपही लहान-मोठा होत असतो. म्हणून ठराव दरवर्षी, कळप येण्याआधी, नव्याने व्हावा लागतो. त्यात कळपाची वाट, येण्या-जाण्याच्या तारखा, जनावरांची संख्या, पाणवठे, वास्ते आणि नव्या रोपांसाठी बंद ठेवलेले भाग, उतेरा असलेल्या बांध्या, नुकसान झाल्यास पाहणी कुणी करायची आणि भरपाई कशी द्यायची, हे सगळे असावे. वाघाचा वावर कुठे आहे, हेही गावाने सांगावे, कारण चंद्रपूरच्या जंगलात गुराखी आणि मेंढपाळ वाघाच्या हल्ल्यांना बळी पडतात. देवाणघेवाणीची बाजूही लिहावी. पीक निघालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवल्या, तर लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. हा जुना व्यवहार आजही दोघांच्या फायद्याचा आहे.

चराईचा वाद लाठीने किंवा दंडाने काही दिवस दबतो, पण संपत नाही. हंगामापूर्वीची बैठक, सर्वांना समजलेला लेखी ठराव आणि पशुपालकांसह सर्वांचे नोंदलेले वनहक्क या तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच तो मिटतो. कायद्याने वाट दिली आहे. तिचा वापर करणे ग्रामसभांच्या आणि पशुपालक समाजांच्या हाती आहे, आणि ती बैठक पहिली ठिणगी पडण्याआधी व्हायला हवी.