नागपूरच्या अंगणात ब्लूबेरी?

ब्लूबेरीची इवलीशी डबी महाग मिळते, म्हणून ती घरीच लावावी असे वाटणे साहजिक आहे; पण नागपुरात आधी माती पाहावी. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची आम्लधर्मी, भुसभुशीत जमीन लागते. इथली काळी माती बहुधा ७.५ ते ८.५ सामूची, चिकण आणि चुनखडीयुक्त. अशा जमिनीत मुळांना लोह उचलता येत नाही; कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्यांवरही हेच लक्षण दिसते.

कुंडीत कोकोपीट आणि गंधक वापरून ही माती टाळता येते, कमी थंडीवर फळणाऱ्या जातीही आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण विहिरीचे जड पाणी सतत घातले की सामू पुन्हा चढतो, आणि मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन तापलेल्या कुंडीतल्या उथळ मुळांना सोसत नाही. पावसाचे पाणी साठवून, हिरव्या जाळीखाली एखादे झाड हौसेने जगवता येईल; भरघोस फळांची आशा धरू नये. गडद रंगद्रव्यांसाठीच फळ हवे असेल, तर अँथोसायनिन जांभळात आणि फालशातही असते. अंगण लहान असेल तर फालसाच लावा: हे झुडूप उन्हाला दाद देत नाही आणि ऐन उन्हाळ्यातच फळते.