फॉरेन्सिकची पदवी आणि पोस्टमॉर्टेम
फॉरेन्सिक सायन्समध्ये बीएस्सी किंवा एमएस्सी झालेली व्यक्ती शवविच्छेदन करत नाही, तिला ते कायद्याने करताही येत नाही. तरी दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत तोच समज कानावर येतो, की मेडिकल हुकले तर फॉरेन्सिक करावे, पोस्टमॉर्टेम तरी करता येईल. नीटमध्ये गुण कमी पडलेली मुले या आशेवर तीन ते पाच वर्षे आणि पालकांचा पैसा घालतात. चूक उमगते ती थेट नोकरीच्या जाहिराती वाचायला घेतल्यावर. प्रवेश घेण्याआधी हे कोणीतरी स्पष्ट सांगायलाच हवे.

संशयास्पद मृत्यूत मृतदेह तपासणीसाठी कोणाकडे पाठवायचा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये दिले आहे: जवळचा सिव्हिल सर्जन किंवा राज्य शासनाने नेमलेला पात्र डॉक्टर. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्येही हेच होते. म्हणजे शवागारात काम करायचे तर आधी एमबीबीएस, आणि त्यातले विशेषज्ञ व्हायचे तर पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एमडी. याला दुसरी वाट नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ मालिकेतले डॉ. साळुंखे मृत्यूचे कारण सांगतात, विष ओळखतात आणि डीएनएही जुळवून देतात. प्रत्यक्षात ही वेगवेगळे शिक्षण घेतलेल्या माणसांची कामे आहेत.

फॉरेन्सिक पदवीधराचे काम शवागाराबाहेर सुरू होते. विषबाधेचा संशय असला की डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात: जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून बरण्या सील करतात. पोलीस त्या प्रयोगशाळेत आणून देतात. तिथे आधी बरणीवरचे सील सोबतच्या नमुना सीलशी ताडून पाहतात आणि मगच विषशास्त्र विभागात विश्लेषण सुरू होते. कपड्यावरचा डाग जीवशास्त्र विभागाकडे जातो. डागाचा अंश टिपकागदावर घेऊन त्यावर आधी फिनॉल्फ्थॅलीनचे अभिकर्मक आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. लगेच गुलाबी रंग आला तर रक्ताची शक्यता धरायची, पेरॉक्साइडच्या आधीच आला तर चाचणी बाद. गुलाबी रंगावर अहवाल मात्र लिहिता येत नाही, कारण काही वनस्पतींतली विकरेही तोच रंग देतात. रक्त आहे का, माणसाचे आहे का, कोणाचे आहे, हे पुढच्या चाचण्या ठरवतात. पोलीस ठाण्यात आजही ज्याला ‘सीए रिपोर्ट’ (केमिकल अॅनालायझरचा अहवाल) म्हणतात, तो असा तयार होतो.

महाराष्ट्रात हे काम गृहविभागाखालच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे आहे. मुख्यालय मुंबईत कलिन्याला, तर विभागीय प्रयोगशाळा नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर येथे आहेत. केंद्र सरकारचीही एक प्रयोगशाळा पुण्यात आहे. पदवी मिळाली की या प्रयोगशाळांत नोकरी ठरलेली, हा दुसरा मोठा भ्रम. कामाची विभागणी विषयवार असते, आणि अनेक पदांसाठी रसायनशास्त्राचे पदवीधरही तितक्याच हक्काने अर्ज करतात. संगणक गुन्हे आणि मानसशास्त्र यांची पदे वेगळी असतात. म्हणून पदवीच्या नावापेक्षा एका विषयातला पाया पक्का असणे जास्त उपयोगी पडते.

बाकीचे समज थोडक्यात. प्रयोगशाळेतला वैज्ञानिक पोलीस नसतो. त्याला तपासाचा किंवा अटकेचा अधिकार नाही. घटनास्थळी जाण्याची संधी मात्र खरोखर वाढते आहे: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाची भेट बंधनकारक आहे, आणि ती तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. फॉरेन्सिक अकाउंटिंगसाठी विज्ञानाची पदवी कामाची नाही, तिथे हिशेबतपासणी यावी लागते. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात स्पष्ट केले आहे. नोकरी फक्त सरकारीच असते, हेही चूक: बँका, विमा कंपन्या आणि सल्लागार संस्थांना डिजिटल पुरावा व कागदपत्रे तपासणारी माणसे लागतात, आणि अध्यापनासाठी यूजीसी-नेटमध्ये फॉरेन्सिक सायन्स हा स्वतंत्र विषय आहे. खासगी तज्ज्ञाचे मत न्यायालयात चालत नाही, असेही ठामपणे सांगितले जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञ सरकारीच असावा अशी अट नाही. संहितेच्या कलम ३२९ मध्ये नमूद केलेल्या सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, खासगी तज्ज्ञाला मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागते.