भंगारातलं लोखंड, बर्फावरचं सोनं

जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: हिवाळी ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंगचे खेळाडू शेवटची रेषा ओलांडताच बर्फावर आडवे पडतात. नुसतं घसरत जायला एवढा दम का लागतो?

कारण हे घसरणं नाहीच. शर्यतीच्या मार्गाचा साधारण एक तृतीयांश भाग चढाचा असतो. पाय, पाठ, खांदे, दंड असे सगळे मोठे स्नायू एकाच वेळी ऑक्सिजन मागत असतात. तो वाहून नेतं हिमोग्लोबिन, आणि ते लोखंडाशिवाय बनत नाही.

इथे जालनेकरांच्या ओळखीची गोष्ट सुरू होते. जालन्यात लोखंडाची खाण नाही. भंगार येतं, भट्टीत वितळतं, त्याची सळई होऊन बाहेर पडते. शरीराचा कारभार असाच चालतो. रक्तातली लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते. मग प्लीहा आणि यकृत तिला मोडीत काढतात आणि तिच्यातलं लोखंड अस्थिमज्जेकडे, म्हणजे नव्या पेशींच्या भट्टीकडे, रवाना होतं. रोज २० मिलिग्रॅमहून अधिक लोखंड असं जुन्यातून मिळतं; जेवणातून अंगी लागतं ते जेमतेम १-२ मिलिग्रॅम! भट्टीला ऑर्डर जाते मूत्रपिंडातून. ऑक्सिजन कमी पडला की ते ईपीओ नावाचं संप्रेरक सोडतं. मज्जेतल्या पेशींवर ही ऑर्डर घेणारा एक रेणू असतो. ‘आता पुरे’ म्हणण्याची सोय त्याच्या शेपटाकडच्या भागात असते.

फिनलंडच्या लॅपलँडमधल्या क्रॉस-कंट्री स्कीपटू ईरो मँत्युरांताच्या शरीरात नेमकं हेच शेपूट तोकडं होतं. त्याचं हिमोग्लोबिन २० ग्रॅमच्या वर, म्हणजे निरोगी पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. १९६० ते १९६८ या काळात त्याने ऑलिंपिकची सात पदकं मिळवली. १९६४ला इन्सब्रुकमध्ये १५ आणि ३० किलोमीटर ही दोन्ही सुवर्णपदकं त्याचीच. हा रक्तात काहीतरी भरून घेतो, अशी कुजबुज त्याच्यामागे वर्षानुवर्षं राहिली. १९७२ मध्ये तो उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला हेही खरं. पण रक्त मात्र त्याचं स्वतःचंच होतं. जनुकशास्त्रज्ञ अल्बर्ट द ला शापेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कुटुंबातल्या ९७ जणांचा अभ्यास केला, तेव्हा २९ जणांत हाच गुण आढळला. १९९३ मध्ये कारणही छापून आलं: जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं.

ईपीओचा विषय निघाला की मला शिकागोच्या यूजीन गोल्डवॉसर यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हे संप्रेरक शुद्ध रूपात मिळवायला त्यांनी वीसहून अधिक वर्षं घालवली. शेवटी जपानच्या ताकाजी मियाके यांनी रक्तक्षयाच्या रुग्णांचं २,५५० लिटर मूत्र गोळा करून, आटवून शिकागोला आणलं. १९७७ मध्ये त्यातून हाती आले थोडे मिलिग्रॅम! पुढे ईपीओ औषध म्हणून आलं, मूत्रपिंडाच्या लाखो रुग्णांना जगवलं आणि कंपन्यांना अब्जावधी डॉलर मिळाले. पेटंट न घेतलेले गोल्डवॉसर मात्र सामान्य वाचकाला अजून अनोळखीच आहेत. ईपीओचं नाव लोकांना माहीत झालं ते ते टोचून घेणाऱ्या सायकलपटू-स्कीपटूंमुळे, याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्या २९ जणांकडे पुन्हा पाहा. जनुक सगळ्यांकडे होतं, सात ऑलिंपिक पदकं एकाकडेच. मँत्युरांता लहानपणापासून बर्फावरच वाढला होता, पुढे सीमा रक्षक झाला, आणि सराव त्याने कधी सोडला नाही. ‘मुलाची लाळ द्या, त्याचा खेळ सांगतो’ म्हणणाऱ्या जनुकचाचण्या आता पालकांना विकल्या जातात. त्यांवर माझा विश्वास नाही.

आपल्या मराठवाड्याचंच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, सियाचीनला राहिला, त्यानंतर धावायला लागला. पुढे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, सुमारे १,८०० मीटर उंचीवर, त्याने सराव केला. विरळ हवेत मूत्रपिंड आपणहून जास्त ईपीओ सोडतं, आणि त्यावर कुणाला आक्षेप घेता येत नाही. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तुमची मुलगी मैदानावर लवकर दमत असेल, तर जनुकचाचणीवर पैसे घालवू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.