पाठ फिरवून पहिला नंबर!

एक शर्यत अशी आहे, जिच्यात खेळाडू शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसतात! खोटं वाटतंय ना? पण खरंच!

म्हसावदहून प्रकाशाला गेलात की तापीचं ते रुंद, संथ पाणी दिसतं. तशाच पाण्यावर ही शर्यत होते. तिचं नाव नौकानयन. अंतर २००० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला पाच फेऱ्या!

आणि नाव कशी? एकट्याची नाव आठ मीटरहून लांब, वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! रुंदीला मात्र शाळेच्या बाकाएवढी. वजन किती असेल, ओळखा! फक्त १४ किलो! घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरतात, जवळजवळ तेवढंच. अख्खा सिलिंडर नव्हे हं, नुसता आतला गॅस! जरा तोल गेला की डुबुक!

दोन हातांत दोन वल्ही. पण खरी ताकद लागते ती पायांची! बसायची फळी छोट्या चाकांवर मागेपुढे सरकते. पाय रेटले की फळी सरकते, वल्ही पाणी कापतात आणि नाव सुळकन पुढे! विहिरीतून भरलेली बादली ओढताना आपण पाय रोवतो ना, अगदी तसंच.

विहिरीवरून आठवलं! नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचं गाव आहे. पाण्याची तिथे कायम टंचाई. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. पाणी दिसेपर्यंत खोदत राहायचं!

२०१२ मध्ये तो सैन्यात गेला, पुण्याजवळ खडकीला. तिथे हा उंचापुरा गडी नौकानयनाकडे वळला. आणि गंमत ऐका, त्याला पाण्याची भीती वाटायची! तरीही चारच वर्षांत, २०१६ साली, तो ब्राझीलमधल्या रिओ ऑलिंपिकला पोहोचला. एकट्याच्या शर्यतीत तेरावा! सात मिनिटांच्या आत २००० मीटर!

जर्मनीच्या ऑलिव्हर झायडलरचं अगदी उलट. तो आधी पट्टीचा पोहणारा, मग वल्ही हातात घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक! त्याच्या आजोबांनीही १९७२ साली नौकानयनातच ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवलं होतं. दत्तूच्या घरी मात्र नौकानयनाचा असा वारसा नव्हता. म्हणून मला त्याचं जास्त कौतुक!

२०१८ च्या आशियाई स्पर्धा इंडोनेशियात होत्या. दत्तू आजारी पडला, एकट्याच्या शर्यतीत सहावा, म्हणजे अगदी शेवटचा आला. वाटलं, संपलं! पण दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा नावेत! या वेळी चौघांच्या. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि आपला दत्तू. चार जण, आठ वल्ही, एकच ताल!

आता सांगा, पाठ फिरवून बसलेल्यांना काय दिसतं? शेवटच्याला समोर कुणीच दिसत नाही, नुसतं पाणी! आणि पहिल्याला? मागे पडलेले सगळे!

आदल्या दिवशी दत्तूसमोर नुसतं पाणी होतं. त्या दिवशी मात्र रेषा ओलांडताना बाकीच्या सगळ्या नावा त्याच्या डोळ्यांसमोर होत्या!